दोन सेकंदांची मुदत

शिरवळच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांची ड्रॉइंगे ज्या संगणकांवर काढली जातात, ते माझ्याकडे दुरुस्तीस येतात तेव्हा त्यांच्यासोबत बहुधा निकालही आलेला असतो : "ड्रायव्हर उडालाय, विंडोज नव्याने मारून द्या." हा निकाल मी तसाच कधी मान्य करीत नाही, कारण पडद्यावरचा प्रत्येक दोष ड्रायव्हरच्या माथी मारण्याची जी सवय आमच्या धंद्यात रूढ झाली आहे, तिच्यापायी गिऱ्हाइकाचा दिवस फुकट जातो आणि मूळ विकार जागच्या जागी राहतो.

तपासाला आरंभ यंत्र सुरू होण्याच्या क्षणापासून करावा. मदरबोर्डच्या कंपनीचे बोधचिन्ह उमटते तेव्हा विंडोजचा ड्रायव्हर अद्याप कामावर रुजूच झालेला नसतो. त्यामुळे त्याच वेळी रंगीत रेघा वा चौकटी दिसू लागल्या, तर तो निर्दोष आहे हे तेथेच सिद्ध होते, आणि मग मी केबल बदलून पाहतो, कार्ड उपसून त्याच्या सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवतो, आणि पंख्यातील धूळ काढतो, जी महामार्गालगतच्या दुकानांतून आलेल्या यंत्रांत थराथराने बसलेली असते.

याउलट बोधचिन्ह स्वच्छ उमटले आणि ड्रॉइंग फिरवू लागताच पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा उजळला, तर ड्रायव्हरची जबानी घेणे प्राप्त होते. ती विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, लेखी सापडते. 2007 साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून अशी व्यवस्था आहे, की सोपविलेल्या कामाचा जाब ग्राफिक्स कार्डाने मुदतीत, म्हणजे सामान्यतः दोन सेकंदांत, दिला नाही, तर विंडोज ड्रायव्हरला बरखास्त करून पुन्हा रुजू करून घेते आणि 4101 क्रमांकाची नोंद दप्तरी ठेवते. सबंध यंत्र गोठून हातचे काम बुडण्यापेक्षा हे कितीतरी बरे. मात्र नोंदीत ड्रायव्हरचे नाव असले, म्हणजे अपराध त्याचाच असे नव्हे : तापलेले कार्ड किंवा थकलेला पॉवर सप्लाय हीच नोंद करवतो. म्हणून मी तारखा पाहतो. एका ड्राफ्ट्समनच्या यंत्रात या नोंदी ज्या दिवशी सुरू झाल्या, त्याच्या आदल्या रात्री नवा ड्रायव्हर आपोआप चढला होता. डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक’ करून जुना ड्रायव्हर परत आणताच त्या थांबल्या. नवे ते निर्धोक, हा समज येथे कामाचा नाही. पंख्याच्या नियंत्रणातील बिघाडामुळे एन्व्हिडियाला 196.75 हा ड्रायव्हर मार्च 2010 मध्ये मागे घ्यावा लागला होता.

जेथे ‘रोल बॅक’चे बटण दबतच नाही, तेथे योग्य ड्रायव्हर कार्डाच्या निर्मात्याकडूनच आधी उतरवून घ्यावा, नेटची वायर काढावी, सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या प्रोग्रामने जुन्याचे अवशेष पुसावेत आणि मगच तो घालावा; वायर तशीच राहिली, तर मधल्या काळात नको तोच पुन्हा चढतो. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने गुण आला हे कळत नाही. शेवटी जे ड्रॉइंग अडत होते तेच मी ड्राफ्ट्समनला स्वतः फिरवायला सांगतो, आणि 4101ची नवी नोंद पडलेली नाही हे पाहिल्यावाचून यंत्र हातावेगळे करीत नाही.