अनुमानाला लागणारा वेळ

ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या विषयातील संकल्पना व त्यांचे संबंध यांची तर्कशास्त्राच्या भाषेतील काटेकोर मांडणी; तिच्यात उघडपणे न लिहिलेले, पण तिच्यातून अटळपणे निघणारे निष्कर्ष काढणाऱ्या सॉफ्टवेअरला रीझनर म्हणतात. मिरजोळ्यात भातलावणीच्या दिवसांत तापाने पडलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘वाईल्स डिसीज’ असे निदान आले, तर हा कोकणात ‘लेप्टो’ म्हणून परिचित असलेल्या रोगाचाच तीव्र प्रकार असल्यामुळे त्याची नोंद जिवाणूजन्य रोगांच्या गणतीतही धरली जावी, यासाठीचा दुवा रीझनर जुळवतो. भारताने २०१४ मध्ये स्वीकारलेल्या, आणि ज्याचे देशातील काम पुण्याच्या सी-डॅकमधून चालते, त्या स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञासंग्रहात साडेतीन लाखांच्या आसपास संकल्पना आहेत. प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना करू गेल्यास सुमारे १२ हजार कोटी जोड्या होतात.

वेग मोजताना घड्याळ कुठून सुरू केले हे आधी सांगावे लागते, कारण फाइल वाचण्याचा वेळ आणि वर्गीकरणाचा, म्हणजे कोणती संकल्पना कोणाच्या पोटात येते हे ठरवण्याचा, वेळ यांची बेरीज करून सांगितलेला आकडा दोहोंपैकी कशाविषयीच काही सांगत नाही. जावात लिहिलेला रीझनर पहिल्या फेरीत मंद असतो, कारण वारंवार लागणाऱ्या कोडचे यंत्रभाषेत रूपांतर तेव्हा चालू असते. म्हणून सुरुवातीच्या फेऱ्या सोडून देण्याची रीत पडली आहे (जो दिवसातून एकदाच रीझनर चालवतो, त्याच्या वाट्याला मात्र नेमकी तीच फेरी येते). याहून घातक प्रकार म्हणजे मुदत संपल्याने अर्ध्यावर थांबवलेल्या फेऱ्या सरासरीतून गाळणे, कारण मग जो रीझनर कठीण ऑन्टॉलॉजींवर अडकतो तोच कागदावर चपळ ठरतो.

जुन्या पद्धतीचे रीझनर संकल्पनांच्या जोडीसाठी प्रतिउदाहरण रचण्याचा प्रयत्न करतात आणि ते रचता आले नाही, तरच एक दुसरीच्या पोटात येते असे मानतात. येवगेनी काझाकोव्ह, मार्कुस क्रोट्श व फ्रांतिशेक सिमांचिक यांच्या एल्क या रीझनरने, ज्यावरील निबंध २०११ मध्ये आला, हा मार्ग सोडून लिहिलेल्या विधानांपासून नियमांनी निष्कर्ष पुढे नेले, ते काम प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांवर एकाच वेळी चालवले आणि स्नोमेड सीटीचे वर्गीकरण काही सेकंदांत उरकले. हे साधले ते मुख्यतः भाषा आखडून घेतल्यामुळे: एल्क ज्या ईएल भाषेसाठी घडवला तिच्यात ‘किंवा’ आणि ‘फक्त’ यांना जागा नाही. अशी विधाने आढळली की एल्क इशारा देऊन ती बाजूला ठेवतो, आणि निष्कर्ष अपुरे राहण्याची शक्यता असते. त्यामुळे वेळेच्या तक्त्यात त्या इशाऱ्यांसाठीही एक रकाना हवा, जो बहुतेक तक्त्यांत नसतो.