न न्याहाळलेला चेहरा

मूकपट म्हणजे आवाजाविना अपुरा राहिलेला सिनेमा, असं आपण सहज धरून चालतो. आल्फ्रेड हिचकॉकचा ‘द मँक्समन’ पाहताना हा समज टिकत नाही. हॉल केनच्या १८९४ सालच्या कादंबरीवरचा, १९२९ मधला हा त्याचा शेवटचा मूकपट. स्वतः हिचकॉकनं पुढे त्याला फारशी किंमत दिली नाही. मला मात्र तो सोडवत नाही.

गोष्ट आइल ऑफ मॅन बेटावरची. पीट कोळी, फिलिप वकील. दोघे बालमित्र, आणि दोघांचाही जीव केटवर. पैसा कमवायला परदेशी निघालेला पीट फिलिपच्याच खांद्यांवर चढून केटच्या खिडकीशी पोहोचतो आणि ‘थांबशील ना?’ म्हणून वचन मागतो. खाली फिलिप मित्राचा भार पेलत मुकाट उभा. पुढे पीट मेल्याची बातमी येते, केट आणि फिलिप जवळ येतात, आणि पीट जिवंत परततो. केटचं त्याच्याशी लग्न लागतं.

आपल्याला दिवस गेल्याचं केट फिलिपला सांगते, तेव्हा पडद्यावर पाटी येत नाही. केट साकारणाऱ्या ॲनी ओंड्राच्या ओठांवरूनच ते कळतं. मूकपटाचा प्रेक्षक असा सतत चेहरे वाचत असतो. आपल्याला सगळं दिसतं. पीटला काहीच नाही. परक्या माणसाला आपण निरखून पाहतो. भरवशाच्या माणसाचा चेहरा न्याहाळावा, असं मनातही येत नाही.

ही कोंडी असह्य होऊन केट बंदरातल्या काळ्या पाण्यात उडी घेते आणि त्या पाण्याची दौतीतली शाई होते. तीत टाक बुडवणारा हात फिलिपचा. तो आता बेटाचा न्यायाधीश, डीम्स्टर, झाला आहे. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा, म्हणून केट त्याच्याच समोर आरोपी म्हणून उभी राहते. तिथे त्याचा चेहरा वाचतो तो केटचा करडा, संशयी बाप. मग फिलिप डोक्यावरचा न्यायाधीशाचा टोप उतरवतो आणि कबुली देतो.

पीटला दिसलं नाही, याला मी भाबडेपणा म्हणणार नाही. मैत्रीत तेवढी मोकळीक गृहीतच असते. फिलिपचा गुन्हाही प्रेमाचा नव्हे. मित्र आपल्याकडे कधी निरखून पाहणार नाही, या खात्रीच्या आडोशाला तो राहिला, आणि त्याची किंमत आधी केटनं मोजली.