बोल्टचा हट्ट सोडताना

पॉइंट टू-टूची रायफल घ्यायची तर बोल्ट अ‍ॅक्शनच घ्यावी, लिव्हर अ‍ॅक्शनवर पैसे घालवू नयेत, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. इथे पेनसिल्व्हेनियात ओळखीतलं कुणी पहिली रायफल घ्यायला निघालं की मला विचारायचं, आणि माझं उत्तर तयार असायचं. आता मी तसं सांगत नाही. ज्यांनी माझ्या शब्दावर खरेदी केली त्यांना तरी याचं कारण कळायला हवं.

मत आलं कोल्हापुरातून. कॉलेजात एनसीसीमध्ये पहिल्यांदा रायफल हातात घेतली ती बोल्टचीच. पोटावर आडवं पडायचं, कोपरं जमिनीत रोवायची, गोळी घालून बोल्ट पुढे ढकलायचा, दांडी खाली दाबायची, श्वास धरायचा आणि चाप ओढायचा. नेमबाजी म्हणजे हेच, असं मनात पक्कं बसलं. पुढे २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरची तेजस्विनी सावंत पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, २०२४ मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं. दोन्ही वेळा माझी छाती भरून आली. पन्नास मीटरवरचं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि गोळ्या एकेक घालूनच मारायच्या असतात. तिथे लिव्हरचा प्रश्नच येत नाही.

रायफलीच्या घडणीतही बोल्टची बाजू वरचढ आहे, हे मी आजही मान्य करते. बोल्टच्या रायफलीचा दस्ता सलग एकाच लाकडाचा असतो. चांगल्या रायफलीत नळी त्या लाकडाला न टेकता मोकळी राहते. चाप ओढल्यावर आतला स्ट्रायकर सरळ रेषेत थोडंसंच अंतर कापतो. लिव्हरमध्ये दस्त्याचे दोन तुकडे, नळीखाली लटकलेलं लांब मॅगझिन, दोघांना जखडणारी पट्टी, आणि मागून फिरत येऊन आदळणारा घोडा. प्रत्येक गोळीबरोबर मॅगझिनमधलं वजन कमी होतं, नळी तापते तसा पट्टीचा ताण बदलतो. बाकावर वाळूची पिशवी ठेवून पन्नास यार्डांवर माझी बोल्टची सीझेड ४५७ जर्मन एसके काडतुसांनी पाच गोळ्या अर्ध्या इंचात बसवते. क्लबातल्या एका सदस्याच्या लिव्हरच्या हेन्री रायफलीनं त्याच काडतुसांचा ग्रुप इंचाहून थोडा मोठाच दिला. त्या दोन कागदांवर माझा सगळा युक्तिवाद उभा होता.

माझी मुलगी डावरी आहे. माझी रायफल खांद्याला लावली की प्रत्येक गोळीनंतर तिला चापावरचा डावा हात काढून वरून पलीकडे न्यावा लागे, कारण बोल्टची दांडी उजव्या बाजूला. तेवढ्यात गाल दस्त्यावरून उचलला जाई, नेम सुटे, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी जुळवाजुळव. ‘सवय होईल’ असं मी म्हणत राहिले. डाव्या हाताच्या बोल्ट रायफली मिळतात, पण मोजक्या, आणि वापरलेल्या तर शोधूनही सहज सापडत नाहीत.

त्याच सदस्यानं एकदा तिला आपली हेन्री दिली. लिव्हर खाली, बरोबर मध्यावर. लिव्हरला डावंउजवं काही नाही. मी शेजारी उभी राहून तिच्या गालाकडे पाहत होते. ती उभ्यानं लोखंडी चकत्यांवर मारत होती. लिव्हर खाली, पितळी पुंगळी बाहेर, लिव्हर वर, आणि एवढ्यात गाल दस्त्यावरून हललासुद्धा नाही. पाचवी चकती पडल्यावर ती म्हणाली, “आई, ही मला अडवत नाही.”

तिच्या आनंदावर मत बदलणं मला पटलं नसतं, म्हणून मी स्वतः दोन्ही रायफली उभ्यानं मारून पाहिल्या. पन्नास यार्डांवर, कशाचाही आधार न घेता. बाकावरचा तो अर्ध्या इंचाचा फरक कागदावर सापडेचना. माझ्या हातांची हालचाल दोन्ही रायफलींच्या चुकीहून कितीतरी मोठी होती. मी आजवर मोजत होते ती वाळूच्या पिशवीवर ठेवलेल्या रायफलीची अचूकता, आणि सल्ला देत होते तो शरद ऋतूत खारींच्या शिकारीला जाणाऱ्यांना, मुलांना घेऊन डबे पाडणाऱ्यांना. त्यांच्यापैकी कुणी बाक घेऊन रानात जात नाही.

पैशाचा हिशेबही नव्यानं मांडावा लागला. पॉइंट टू-टूचं काडतूस रिमफायर, म्हणजे ठिणगीचं रसायन काडतुसाच्या कडेतच भरलेलं असतं, पिन आपटली की ती कड चेपते. म्हणून रिकामी पुंगळी घरी पुन्हा भरता येत नाही. अचूकता दर वेळी पेटीच्या भावानं विकत घ्यावी लागते. ब्रिटिश एली किंवा फिनिश लापुआच्या मॅच काडतुसांवर बोल्टची रायफल फुलते, पण बहुतेक कुटुंबं मारतात घाऊक पेट्यांमधली स्वस्त काडतुसं. त्यांचा वेगच एकसारखा नसतो, त्यामुळे माझ्या सीझेडचा ग्रुपही इंचापर्यंत सुटतो. न वापरल्या जाणाऱ्या अचूकतेचे पैसे कशाला मोजायचे? साध्या हेन्रीत पंधरा काडतुसं मावतात, वेगळी मॅगझिनं घ्यावी लागत नाहीत. शिवाय लिव्हर आणि रिमफायरची जोडी जुनीच आहे. बेंजामिन टायलर हेन्रीची १८६० ची मूळ रायफल रिमफायर काडतुसांचीच होती. आजच्या हेन्री कंपनीनं मात्र फक्त नाव घेतलंय, ती १९९६ मध्ये ब्रुकलिनला सुरू झाली.

लिव्हरच्या उणिवा मी लपवत नाही. आडवं पडून मारताना लिव्हर जमिनीला अडते. ब्राउनिंगच्या बीएल-२२ मध्ये ती फक्त ३३ अंश फिरते, तेवढी अडचण कमी. हेन्रीची नळी न उघडता साफ करायची तर गज तोंडाकडूनच घालावा लागतो, आणि नळीच्या तोंडाची कड घासली की नेम बिघडतो. जुनी मार्लिन ३९ए एक स्क्रू नाण्यानं फिरवून दोन भागांत सुटते, म्हणून ती मला सगळ्यांत आवडते. भरताना हात नळीच्या तोंडाजवळ जातो, हे मुलांना शिकवताना मला अजूनही खुपतं. बोल्ट उघडा असला की रायफल रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. अगदी नवशिक्या लहान मुलासाठी मी आजही एकेक गोळीची बोल्टच निवडेन.

आता कुणी विचारलं तर मी आधी दोन गोष्टी विचारते: कोणत्या हातानं मारणार, आणि उभ्यानं की आडवं पडून? मुलीसाठी आम्ही वापरलेली मार्लिन घेतली. अलीकडे ती कॉलेजच्या रायफल संघाबद्दल चौकशी करू लागली आहे. तिथे बोल्टला पर्याय नाही, हे तिला ठाऊक आहे. ती खरंच तयार झाली तर डाव्या हाताची आन्शुट्झ रायफल कितीही शोधावी लागली तरी शोधू. माझी सीझेड मात्र तिच्या हाती पुन्हा देणार नाही.