चाकू हवाय... साधा!

दोन महिने मी चाकू शोधत होतो. हसू नका. किचनमधला नाही, खिशातला. मिटणारा. लंच टाइमला माझ्या स्क्रीनवर चाकूंचे फोटो बघून शेजारच्या डेस्कवरची मंडळी जरा लांबच बसायला लागली. ‘अप्रेझल इतकं वाईट गेलं का रे?’ हा त्यावरचा ठरलेला जोक.

खरं कारण वेगळंच होतं. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. 30 वर्षं त्यांच्या खिशात एकच चाकू. लाकडी मूठ आणि धार लावून लावून बारीक झालेलं पातं. वायर सोलायला तोच, दुपारी पेरू कापायलाही तोच. मध्ये पँटला पुसायचा, एवढीच काय ती हायजीन. रिटायर झाले, सायकल गेली, पण चाकू खिशातच.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं पुण्याहून दिल्लीला ताईकडे निघालो. बाबांचा पहिला विमानप्रवास. ‘एकच बॅग घ्या, हातातली. उतरल्यावर बेल्टपाशी कोण ताटकळत बसणार?’ ही आयडिया माझी. सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये चाकू निघाला. केबिनमध्ये नेता येत नाही, असं जवानाने नीट समजावून सांगितलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. बाबांनी चाकू एकदा उघडला, मिटला आणि देऊन टाकला. एक शब्द नाही. अख्खी फ्लाइट ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी वाचवलेल्या त्या वीस मिनिटांचा हिशेब करत होतो.

मग ठरवलं, नवा घेऊन द्यायचा. दोन क्लिकचं काम! पण राव, बाबांचे हात डोळ्यांपुढे ठेवून चाकू बघायला लागलात, की प्रत्येक फीचर नडायला लागतं.

पहिला नंबर अर्थात लाल स्विस चाकूचा. त्याची गोष्ट झक्कास आहे. 1891 मध्ये स्विस सैनिकांना चाकू मिळाला, तो डबे उघडायला आणि रायफल खोलायला. म्हणजे त्यातलं प्रत्येक अवजार कामाचं. पुढे 1897 मध्ये कार्ल एल्सनर यांनी ऑफिसरांसाठी जो चाकू काढला, त्यात बूच काढायचा स्क्रूही आला. तो आजही कित्येक मॉडेल्समध्ये असतो. आता बाबा कुठली वाइन उघडणार? वेंगर या दुसऱ्या स्विस कंपनीने तर 87 अवजारांचा एक चाकू बनवला होता, तो एका हातात मावतच नाही. मी दुकानात एक मधला, जाडजूड मॉडेल बाबांच्या हातात दिला. पक्कड धरून धरून त्यांचा अंगठा ताठ झालाय. त्या छोट्याशा खाचेत नख काही अडकेना. आधी नेलकटर निघालं, मग कात्री. ‘यातला चाकू काढायला वेगळा चाकू देतात का?’ बाबांनी दुकानदाराला विचारलं. विषय संपला.

दुसरा, अर्धी धार सरळ आणि अर्धी करवतीसारखी दातेरी. दोर कापायला भारी, पण पेरूची फोड फाटकी निघणार. शिवाय धार गेली की काय? आमच्या गल्लीत सायकलवर दगड फिरवणारा धारवाला येतो. त्याला फोटो दाखवला, तर म्हणाला, ‘हे दात माझ्याच्यानं व्हायचे नाहीत साहेब.’

तिसरा काळाकुट्ट, सिनेमातल्या कमांडोसारखा. आई म्हणाली, ‘हा काढला तर पेरूवाला पैसे न घेता पळेल.’ वर खिशाला अडकवायची क्लिप. ती कापताना तळव्यात रुतते आणि चाकू आहे हे जगाला ओरडून सांगते. पात्यावर नुसतं ‘सर्जिकल स्टील’. कुठलं, ते नाही. ऑपरेशन कुणाचं करायचंय?

लॉकचा तर वेगळाच ताप. कित्येक चाकूंत मिटताना आतली पट्टी अंगठ्याने बाजूला सारायची असते, म्हणजे अंगठा थेट पात्याच्या वाटेत. ताठ अंगठ्यासाठी ही रिस्क नको.

2024 मध्ये तर त्या लाल चाकूवाल्या व्हिक्टोरिनॉक्सने पात्याशिवायचं मॉडेल बनवत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे गिऱ्हाइकाला नको असलेलं शेवटचं फीचर कुठलं? पातंच!

शेवटी सापडला तो ओपिनेल. फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये काढलेला. लाकडी मूठ, एक पातं आणि 1955 पासून गळ्यात एक फिरणारी कडी. कडी फिरवली की पातं पक्कं. बास! मी 8 नंबरचा घेतला, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा. ऑर्डर केल्यावर कळलं, की दमट हवेत याचं लाकूड फुगतं आणि पातं अडकतं. डोक्याला शॉट! पुण्याचा पाऊस आणि बाबांचा अंगठा, दोन्ही आठवलं. परत करणार होतो, पण पाडव्याला देऊन टाकला. बाबांनी उघडला, मिटला, ‘बरा आहे’ म्हणाले आणि खिशात ठेवला.

जुलैत व्हायचं तेच झालं. चाकू उघडेना. मी ‘बदलून आणतो’ म्हणेपर्यंत बाबांनी मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर खट्‌कन आपटलं. पातं चिमटीत येईल इतकं बाहेर आलं. मग सांध्यात खोबरेल तेलाचे दोन थेंब. साव्हॉयची माणसंही पिढ्यान्‌पिढ्या अस्साच आपटून हा चाकू उघडतात, हे मी नंतर वाचलं. बाबांना कुणी शिकवलं? ‘लाकूड आहे रे, फुगणारच,’ एवढंच ते म्हणाले.

माझी नापसंतीची यादी एवढी लांब होती, पण बाबांची एकच अट होती. बिघडला तर आपल्या हाताने सुधारता आला पाहिजे.

पुढच्या आठवड्यात आम्ही परत दिल्लीला चाललोय. काल मी विचारलं, ‘बाबा, एकच बॅग ना?’

‘दोन,’ बाबा म्हणाले. ‘मोठी चेक-इनला टाकू. थांबू की बेल्टपाशी वीस मिनिटं.’