विहीर कुणाची?

मराठीत एक टिंब दिलं की एकाचे अनेक होतात. ‘पोराचं लग्न’ म्हणजे एक मांडव, ‘पोरांचं लग्न’ म्हणजे खर्च दुप्पट. बैल एक असो की दोन, आपण बैलच म्हणतो. पण ‘बैलाच्या गळ्यात’ आणि ‘बैलांच्या गळ्यात’ म्हटलं की किती घुंगुरमाळा आणायच्या ते बाजाराला निघालेल्या माणसाला कळतं. आणि हे टिंब कानाला ऐकू येतं. माझी आजी अंगठेबहाद्दर, पण तिला कधी कुणी ते समजावून द्यावं लागलं नाही.

इंग्रजीचं तसं नाही. तिथं हे काम एका बारीक आकडीवर सोपवलेलं. एक मुलगा असेल तर ‘बॉय’च्या पुढं आकडी आणि मग एस. अनेक मुलगे असतील तर आधी एस आणि त्याच्या पलीकडं आकडी. तोंडानं म्हणा, दोन्ही ‘बॉईज’च. नुसतं ‘मुलगे’ म्हणायचं झालं तरी ‘बॉईज’च. तिन्हींचा आवाज एक. एकाची वस्तू की अनेकांची, हे कानाला कळायचं नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. मी पुढं तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवली, पण या व्यवस्थेचं मला आजही नवल वाटतं.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. माणदेशातली शाळा, पत्र्याची, वैशाखात तव्यासारखी तापणारी. सर कराडकडचे होते. अपॉस्ट्रॉफी हा शब्द आमच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनीच नाव दिलं, आकडी. बाभळीच्या शेंगा ओढायला शेळ्यांमागच्या पोरांच्या खांद्यावर असते ती. फळ्यावर एस काढायचे आणि विचारायचे, “आकडी अलीकडं का पलीकडं?” एसच्या अलीकडं म्हणजे मालक एक, पलीकडं म्हणजे मालक अनेक.

हे जरा कुठं डोक्यात उतरतंय तोवर ‘चिल्ड्रन’ आलं. पोरं अनेक, तरी आकडी अलीकडं. सर म्हणाले, या शब्दाचं अनेकवचन एस न लावताच झालंय, म्हणून नुसता अनेकवचनी शब्द घ्या, मग आकडी आणि मग एस. ‘मेन’, ‘विमेन’ तसेच. ‘ऑक्सन’ म्हणजे बैलही तसेच. मग ‘शीप’ आलं आणि वर्गातल्या धनगराच्या पोरानं हात वर केला. एक मेंढरू शीप, शंभर मेंढरंही शीप, आणि लोकर एकाची असो की शंभरांची, आकडी एकाच जागी. तो म्हणाला, “मग सर, मालकाला मेंढरं मोजून कशी द्यायची?” सर हसले. म्हणाले, “आकडा लिहायचा. इंग्रज तेवढा हुशार आहे.”

ही आकडी मुळात मालकीची खूण नव्हतीच, हे मला फार उशिरा, एम.ए. करताना कळलं. जुन्या इंग्रजीत बऱ्याच शब्दांना मालकीसाठी ‘एस’च्या आधी ‘ई’ असायचा. बोलता बोलता तो गळाला. सोळाव्या शतकात फ्रेंचांकडून गळालेल्या अक्षराची खूण म्हणून ही आकडी इंग्रजीत आली आणि पुढं मालकीला चिकटली. अनेकवचनात ती कुठं द्यायची, यावर तर अठराव्या शतकातही एकमत नव्हतं. म्हणजे शेक्सपिअरला आमच्या सरांचा नियम माहीत नव्हता. हे सरांना सांगायचं राहून गेलं.

1978 साली मी नववीत होतो. आमची विहीर तिघा भावांची. थोरले चुलते तात्या, मधले माझे वडील अण्णा, आणि धाकटे बापू, जे मुंबईला गिरणीत होते. 72च्या दुष्काळात विहीर कोरडी पडली तेव्हा तिघांनी मिळून ती सात हात खोल नेली. बापू त्यासाठी बिनपगारी रजा काढून आले होते, सुरुंगाची भोकं त्यांनी मारली. पाण्याची पाळी आठ-आठ दिवसांची. बापूंची पाळी ते नसले तरी त्यांच्या रानाला द्यायची, असा रिवाज.

पुढं बापूंनी आपलं रान परगावच्या माणसाला विकलं. कुणाला न विचारता विकलं, हे तात्यांना लागलं. त्यांनी नव्या मालकाची पाळी बंद केली. दोन महिन्यांनी तालुक्याच्या वकिलाची नोटीस आली. ती इंग्रजीत. घरात इंग्रजी येणारा मी एकटा, आणि माझी इंग्रजी ‘शीप’पर्यंतची. अण्णा मला आणि नोटिशीला घेऊन सरांच्या खोलीवर गेले. तात्या मागून आलेच.

सरांनी कंदील जवळ ओढला. कागद कार्बनचा, निळा, पुसट. सगळं वाचून झालं आणि ते एका ओळीवर थांबले. त्यात विकणाऱ्याच्या ‘ब्रदर’ची की ‘ब्रदर्स’ची विहीर असं काहीतरी होतं, आणि आकडी नेमकी एसच्या डोक्यावर पडली होती. सरांनी कागद उजेडापुढं धरला, चष्मा पुसला, पुन्हा धरला.

तात्यांनी विचारलं, “त्येनं काय हुतंय?”

“आकडी अलीकडं असली तर विहीर एका भावाची. पलीकडं असली तर भावांची.”

तात्या पुढं सरकले. “मग अलीकडं हाय म्हणा की. एका भावाची म्हंजी बापूचा तिच्यात काय संबंध? आन बापूचा न्हाई तर घेणाऱ्याचा कुठला? त्येंच्याच वकिलानं लिवलंय.”

सर म्हणाले, “आकडीवर कज्जा टिकत नाही, तात्या. तलाठ्याकडनं उतारा काढा. इतर हक्कात विहिरीचा हिस्सा लिहिलेला असेल.”

अण्णा तोवर बोलले नव्हते. कागदाची घडी घालत म्हणाले, “उतारा कशाला? म्या व्हतो की बापूसंगं खाली. हीर तिघांची हाय.” मग तात्यांकडं न बघता म्हणाले, “सोमवारपासनं त्येची पाळी लागंल.”

तात्या आमच्याशी दीड वर्ष बोलले नाहीत. उतारा नंतर काढला, त्यात प्रत्येकी एक तृतीयांश होतं. ती नोटीस अजून माझ्याकडं आहे. भिंग लावून बघितलं, तरी आकडी एसच्या डोक्यावरच.

लंडनच्या भुयारी रेल्वेत अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही लगतची स्थानकं. पहिल्याला आकडी आहे, दुसऱ्याला नाही. हे वाचल्यावर मला आमच्या वकिलाच्या टायपिस्टचा राग येईनासा झाला. अमेरिकेत मदर्स डे सुरू करणाऱ्या ॲना जार्विसबाईंनी मात्र आकडी एसच्या अलीकडंच असावी असा हट्ट धरला होता. दिवस जगातल्या समस्त मातांचा नव्हे, ज्यानं त्यानं आपल्या एका आईचा, असं त्यांचं म्हणणं. आपल्या शाळांत 5 सप्टेंबरला फळ्यावर ‘टीचर्स डे’ लिहितात तेव्हा आकडी पलीकडं हवी, कारण शिक्षक अनेक. बहुतेक फळ्यांवर ती नसतेच. मी शिक्षक असताना दरवर्षी खडूनं देऊन यायचो, पोरं हसायची.

एका गोष्टीत मात्र मला इंग्रजी अपुरी वाटते. आपण अनेकवचन नुसतं मोजायला वापरत नाही. ‘सरांची छत्री’, ‘आजोबांची काठी’, ‘अण्णांचं धोतर’; माणूस एकच, पण टिंब दिल्याशिवाय जीभ वळत नाही. आई अण्णांचं नाव कधी घ्यायची नाही. “त्यांचं पान वाढ,” एवढंच. इंग्रजीत याचं ‘हिज’ होतं, आणि त्याला आकडीसुद्धा नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी नववीच्या पेपरात भाषांतराला वाक्य होतं, ‘हे माझ्या वडिलांचे शेत आहे.’ एका मुलीनं ‘फादर्स’ लिहून आकडी एसच्या पलीकडं दिली होती. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते. मी तिला बोलावून विचारलं, “वडील किती?”

“एकच. पण सर, वडिलाचं कसं म्हणायचं?”

मी लाल शाईनं आकडी अलीकडं आणली. अर्धा मार्क कापायचा नियम होता, तो कापला. आणि समासात लिहिलं, ‘मराठीत तुझंच बरोबर.’