आकड्याची तारीख

पूर्वी माझ्या नावडे येथील दवाखान्यात वृद्ध रुग्ण येत, ते हातात एक पिशवी घेऊन. तीत गोळ्यांच्या पट्ट्या, जुने केसपेपर आणि घडी पडलेले अहवाल असत. अलीकडे पिशवीऐवजी मुलांनी संगणकावर केलेला तक्ता पुढे येतो. या सोयीचे मी मनापासून स्वागत केले; परंतु गेल्या पावसाळ्यात अशाच एका तक्त्याने मला धडा दिला.

७८ वर्षांचे एक काका हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉरफरिन घेतात. हे औषध रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. त्याचा परिणाम ‘आयएनआर’ या तपासणीने मोजतात. अशा बहुतेक रुग्णांत हा आकडा २ ते ३ च्या दरम्यान असावा लागतो. तो कमी झाला तर गुठळीचा धोका, वाढला तर रक्तस्रावाचा.

काकांचे अहवाल पुण्यातील मुलीकडे ईमेलने येत आणि ती ते एक्सेलच्या फाइलमध्ये नोंदवी. औषधांची फाइल मुलाकडे होती. बहिणीच्या फाइलमधील आकडा आपल्या तक्त्यात दिसावा, अशी जोडणी त्याने करून घेतली होती. त्याने आणलेल्या छापील कागदावर आयएनआर २.४ होता. ‘‘डोस तोच चालू ठेवा,’’ मी म्हणालो.

चौथ्या दिवशी काकांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. तपासणीत आयएनआर ४.९ निघाला. हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने औषध थांबवून पुढे डोस कमी केला आणि काका सावरले. मुलीच्या फाइलमध्ये मात्र आठ दिवसांपूर्वीच ३.७ ची नोंद होती! ‘आपण लिहिले म्हणजे दादाला दिसलेच,’ असे तिला वाटले. ‘ताईने लिहिले की माझ्याकडे येतेच,’ असे त्याला.

मग उलगडा झाला. जोडलेला रकाना शेवटचा वाचलेला आकडा जपून ठेवतो. फाइल उघडताना एक्सेल ‘दुवे अद्ययावत करायचे का?’ असे विचारते. मुलगा दर वेळी घाईने ‘नको’ म्हणे. मूळ फाइलचे नाव किंवा जागा बदलली, तरीही दुवा तुटतो आणि जुना आकडा निमूटपणे तेथेच राहतो.

काका हसून म्हणाले, ‘‘डॉक्टर, कागद ताजा होता, आकडा शिळा होता.’’ मला मात्र हसू आले नाही. तपासणी कोणत्या तारखेची, एवढे विचारणे माझे काम होते.

तेव्हापासून मी कुटुंबांना काही गोष्टी आवर्जून सांगतो. शक्य असेल तर सर्वांनी एकाच सामायिक फाइलमध्ये लिहावे. दोन फाइली ठेवायच्याच असतील, तर आकड्याशेजारी तपासणीची तारीखही जोडून घ्यावी. डॉक्टरांकडे निघण्यापूर्वी फाइल अद्ययावत करून मूळ अहवालाशी ताडून पाहावी. गूगल शीट्समध्ये ‘इम्पोर्टरेंज’ वापरल्यास पहिल्यांदा परवानगी द्यावी लागते; पुढे आकडे आपोआप येतात, पण किंचित उशिराने. बंद केलेल्या औषधापुढे ‘बंद’ आणि तारीख लिहावी. तक्ता पाहून डोस स्वतः बदलू नये.

आणि नवा अहवाल आला की भावंडांनी एकमेकांना फोन करावा. काकांच्या घरी आता मुलगी अहवाल नोंदवते आणि लगेच दादाला फोन लावते. माझ्या दवाखान्यात ती जुनी पिशवीही पुन्हा येऊ लागली आहे. तक्त्याबरोबर गोळ्यांच्या पट्ट्याही मी आता मागून घेतो.