डबलसीट

एका सायकलवर दोघांनी बसणं ही पुण्यात एके काळी दंडाची बाब होती. पोलीस दिसला की मागचा टुणकन उडी मारायचा आणि आपण सहज पायी फिरायला निघालो आहोत, असा चेहरा करून चालू लागायचा. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात एका रविवारी निगडीला दहा-बारा डबलसीट सायकली उजळ माथ्याने उभ्या दिसल्या, तेव्हा मी सवयीने आधी पोलीस कुठे आहे ते पाहिलं.

या सायकलीला टँडेम म्हणतात. सीटा दोन, हँडलं दोन; पण वळणारं हँडल एकच, पुढचं. मागचं नुसतं धरायला. दोघांची पॅडल्स एका साखळीने बांधलेली. एकाने पाय थांबवले की दुसऱ्याचेही थांबले. संसाराला रथाची उपमा देणाऱ्यांनी हे वाहन पाहिलेलं नसावं. पुढच्याला म्हणतात कॅप्टन आणि मागच्याला स्टोकर, म्हणजे आगगाडीच्या इंजिनात कोळसा टाकणारा. ऑलिंपिकमध्ये १९७२ पर्यंत टँडेमची शर्यत होती. पॅरालिंपिकमध्ये ती अजून आहे. तिथे पुढे डोळस माणूस असतो आणि मागे दृष्टिहीन. आमची सहलही त्याच जातीची. १७७९ साली मराठ्यांनी इंग्रजांना तह करायला लावला त्या वडगाव मावळपर्यंत जायचं आणि परत यायचं.

माझे स्टोकर आण्णा. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त. त्यांचा पहिलाच प्रश्न : "वजन किती तुमचं?"

"पंचाऐंशी."

"ठीक. म्हणजे चढावर मी राबायचं आणि उतारावर तुम्ही."

कॅप्टनला सारखं बोलावं लागतं. खड्डा आला, गिअर बदलतो, ब्रेक लावतो. खड्डा आधी सांगितला नाही तर तो मागच्याला नंतर सविस्तर कळतो. आमच्या घरी माझं वाक्य पुरं होण्याआधी कुणीतरी मिक्सर सुरू करतं. इथे शब्दन्‌शब्द ऐकणारा माणूस पाठीशी बांधून मिळालेला! देहूरोड सोडलं तशी माझी रसवंती वाहू लागली.

"आण्णा, हा घोरावडेश्वराचा डोंगर. वर बौद्ध लेणी आहेत. आता तिथे महादेव."

"चढून आलोय मी. पायऱ्या मोजल्यात. तुम्ही?"

गिअर बदलतो, असं मी जाहीर केलं.

घोरावाडी स्टेशनच्या अंगाने लोकल धडधडत गेली. "लोणावळ्याची," आण्णा म्हणाले. "आपल्याला मागे टाकून गेली. पुण्याची असती तर समोरून आली असती." यावर मला काही भर घालता येईना.

परतताना डोंगराजवळ उतार लागला. माणसं दोन, वारा कापणारा एक. टँडेम उतारावर कुणाच्या बापाला ऐकत नाही. मी बोटं ब्रेकवर नेली आणि नियमाप्रमाणे सांगितलं, "ब्रेक लावतोय."

"पुढे काही आहे?"

"नाही. रस्ता मोकळा आहे."

"मग कशाला?" आण्णा जरा थांबून म्हणाले, "कॅप्टन, साठ वर्षं लोक माझं कोपर धरून एकच सांगतात. सावकाश, आण्णा, सावकाश."

मी पुन्हा एकदा पाहिलं. रस्ता सरळ होता, मोकळा होता. बोटं उचलली. क्षणभर मागून काहीच आवाज आला नाही. मग आण्णा मोठमोठ्याने हसू लागले. लहान पोरं झोपाळ्यावर हसतात तसे.

टँडेमवर सगळं निम्मंनिम्मं असतं म्हणतात. त्या उतारावर आण्णांनी आपल्या वाट्याची भीतीही मलाच देऊन टाकली असावी. कारण चहाच्या टपरीपाशी उतरलो तेव्हा ते ताठ उभे होते आणि माझे गुडघे लटपटत होते.

आण्णांनी हात पुढे करून माझं कोपर शोधलं, घट्ट धरलं.

"सावकाश," ते म्हणाले.